मधल्या फळीतला मुलगा एका सकाळच्या चाचणीत ओळखता येत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर वयोगटांच्या निवड चाचण्यांची निवेदने छापून येतात. अमुक मैदानावर सकाळी साडेसात वाजता जन्मदाखला, आधार कार्ड आणि बूट घेऊन हजर राहावे, एवढाच त्यांचा मजकूर असतो, आणि दोन-तीन दिवसांत निवडलेल्या मुलांची यादी लागते. फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ असल्यामुळे ही यादी कशी तयार होते हा प्रश्न काही मोजक्या क्लबांचा खासगी प्रश्न राहत नाही. अशा चाचणीत वेगवान आघाडीपटू सापडतो, उंचापुरा बचावपटू सापडतो, गोलरक्षकही सापडतो; पण मधल्या फळीत खेळणारा चांगला मुलगा सहसा हातातून निसटतो, कारण त्याचा गुण नजरेत भरायला वेळ लागतो. हे मी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या आधारे मांडणार आहे. माझ्या बहिणीचे कुटुंब मेलबर्नला स्थायिक असल्यामुळे तो खेळ, आणि विशेषतः तेथील ड्राफ्टआधी, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडून घेण्याआधी, अठरा वर्षांखालील मुलांची जी पारख चालते ती, मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोलच चेंडू. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा देऊन सहकाऱ्याकडे पाठवायचा; नुसता फेकला तर दंड. चेंडू घेऊन पळताना दर १५ मीटरच्या आत तो जमिनीला टेकवावा किंवा आपटून घ्यावा लागतो. मधल्या उंच खांबांतून लाथेने मारलेला चेंडू पार गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबामधून गेला तर एक. प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी पंच चेंडू पुन्हा खेळात आणतो, दोन उंच खेळाडू उडी मारून तो हाताने खाली थोपटतात, आणि त्यांच्या पायांशी टपून बसलेले मधल्या फळीचे खेळाडू त्यावर झडप घालतात. सामना तेथे जिंकला किंवा हरला जातो. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवरून मिळणारे ब्राउनलो पदक गेली कित्येक वर्षे बहुतेक वेळा मधल्या फळीच्या खेळाडूकडेच जाते, ते याच कारणाने.

या खेळात राष्ट्रीय ड्राफ्ट १९८६ पासून होतो. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुले त्याला पात्र ठरतात, आणि गुणतालिकेत तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड मिळते. अठरा क्लबांना आळीपाळीने निवड करायची असल्यामुळे एक निवड वाया गेली तर तिचा फटका पुढे अनेक वर्षे बसतो. म्हणून प्रत्येक क्लब पगारी स्काऊट, म्हणजे गुणी खेळाडू हेरणारे निरीक्षक, ठेवतो आणि हे लोक मोसमभर गावोगाव हिंडतात. व्हिक्टोरियात १९९२ पासून अठरा वर्षांखालील मुलांची स्वतंत्र प्रादेशिक लीग आहे; दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात राज्याच्या जुन्या लीगमधील क्लबांचे युवा संघ आहेत; शिवाय राज्याराज्यांमध्ये अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा होते. म्हणजे एकच मुलगा शाळेच्या संघात, आपल्या भागाच्या संघात आणि राज्याच्या संघात असा तीन वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर, तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली दिसतो. मधल्या फळीच्या खेळाडूसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. शाळेच्या दुबळ्या संघात त्याला चेंडू सतत मिळतो आणि तो राजासारखा वावरतो. राज्याच्या संघात त्याच्याइतकेच चांगले आणखी सहा जण असतात, त्याला कडेला पाठवले जाते, आणि मग चेंडू नसताना तो काय करतो ते कळते.

मेलबर्नच्या एका उपनगरी मैदानावर असाच एक सामना पाहत असताना कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या एका स्काऊटकडे माझे लक्ष गेले. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि हा गृहस्थ मात्र आमच्या समोरच्या रिकाम्या भागातील एका किडकिडीत मुलाकडे पाहत होता. त्या मुलाच्या संघाने चेंडू गमावला तसा तो पाठीमागे वळून धावू लागला. त्याच्यापासून चेंडू इतका दूर होता की तो थांबला असता तरी कोणी बोलले नसते. धावता धावता त्याने दोनदा मान वळवून आपल्या मागे कोण मोकळे आहे ते पाहिले आणि हाताने खूण करून सहकाऱ्याला तिकडे पाठवले. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. स्काऊटने वहीत काहीतरी लिहिले. थोड्या वेळाने मध्यभागी घोळका झाला, तेव्हा हाच मुलगा आपल्या उंच सहकाऱ्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला, थोपटलेला चेंडू नेमका तेथेच येणार हे त्याला आधी उमगले होते, आणि गुडघ्याखाली आलेला ओला चेंडू त्याने एकाच झटक्यात उचलून मुठीने बाहेर काढला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या पुढे ज्याने गोल केला त्याच्यासाठी.

पुढे त्या गृहस्थाशी बोलण्याचा योग आला. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा होता, की मधल्या फळीच्या मुलाने किती वेळा चेंडू मिळवला हा आकडा सर्वांनाच ठाऊक असतो; त्यातील किती चेंडू त्याने अंगावर माणसे असताना झगडून मिळवले आणि किती मोकळ्यावर आयते मिळाले, मिळाल्यावर त्याने संघ पुढे नेला की नुसता बाजूला सरकवला, डावा पाय वापरावा लागला तेव्हा काय झाले, पहिला प्रयत्न फसल्यावर तो उठून दुसऱ्यांदा भिडला का, हे पाहायला मैदानावर यावे लागते. घोळक्यात शिरून चेंडू काढणारे आणि बाहेरच्या बाजूला राहून धावणारे असे दोन प्रकार ते मानतात आणि दोहोंना वेगळ्या कसोट्या लावतात. हे सगळे लिहिले जाते. एकाच मुलावर एकाच क्लबच्या तीन-चार जणांनी वेगवेगळ्या दिवशी स्वतंत्र टिपणे लिहायची आणि नंतर ती शेजारी ठेवून वाद घालायचा, अशी तेथील रीत आहे, आणि मला ती फार समंजस वाटते.

तेथेही शारीरिक चाचण्या आहेतच. ऑक्टोबरमध्ये निवडक मुलांना बोलावून २० मीटर धाव, उभ्याने आणि धावत येऊन उंच उडी, चपळाईची चाचणी आणि २ किलोमीटरची धाव घेतली जाते. वीस मीटर तीन सेकंदांच्या आत आणि दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास म्हणजे उत्तम. त्यासोबत वैद्यकीय तपासणी आणि क्लबांच्या मुलाखती असतात. मात्र या चाचण्या मोसमाच्या शेवटी होतात, मुलगा वर्षभर पाहून झाल्यावर. घड्याळाने आधी बनलेले मत तपासायचे असते. आपल्याकडे घड्याळ आधी येते आणि मत त्यावरून बनते, आणि सगळा फरक इथेच आहे.

इतके करूनही मधल्या फळीच्या बाबतीत त्यांचे अंदाज चुकतात. डेन स्वॉन २००१ च्या ड्राफ्टमध्ये ५८ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०११ मध्ये ब्राउनलो पदक जिंकला. लॅकी नील २०११ मध्ये पुन्हा ५८ व्याच क्रमांकावर निवडला गेला; अंगाने लहान म्हणून त्याच्या आधी सत्तावन्न नावे उच्चारली गेली, आणि त्याने २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो पदके मिळवली. २०१४ चा पदकविजेता मॅट प्रिडिस तर राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये कोणालाच नको होता; तो नवोदितांच्या पूरक ड्राफ्टमधून आत आला. केलेब डॅनियल १६८ सेंटिमीटर उंचीचा, २०१४ मध्ये ४६ व्या क्रमांकावर निवडलेला. दोनच वर्षांनी तो विजेत्या संघात होता. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०१९ मध्ये पहिल्या दोन निवडी मॅट रॉवेल आणि नोआ अँडरसन या एकाच प्रादेशिक संघातील दोन मधल्या फळीच्या मित्रांच्या होत्या, त्या दोघांनाही गोल्ड कोस्ट क्लबने घेतले, आणि रॉवेलने २०२५ चे ब्राउनलो पदक जिंकून त्या निवडीचे सोने केले. घोळक्यात शिरण्याचे त्याचे वेड अठरा वर्षांखालील सामन्यांत सर्वांनी पाहिले होते आणि तेच पुढे टिकले. चुकलेल्या आणि बरोबर आलेल्या या सगळ्या नावांकडे एकत्र पाहिले तर दिसते, की जेथे निवडणाऱ्यांनी उंची-वजनाला भुलून पाहिले तेथे ते फसले आणि जेथे मुलाच्या खेळातील सवय पाहिली तेथे त्यांना यश आले. मोसमाच्या मध्यावर होणारा ड्राफ्ट २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि मार्लियन पिकेट नावाचा सत्तावीस वर्षांचा खेळाडू त्यातून रिचमंड क्लबमध्ये आला. त्याने आपला पहिलाच सामना त्याच वर्षीच्या अंतिम फेरीत खेळून विजेतेपद मिळवले. अठराव्या वर्षी सुटलेल्याला पुन्हा दार उघडणारी ही सोय मला त्यांच्या सगळ्या व्यवस्थेतील सर्वात माणुसकीची वाटते.

आता गोव्याकडे येतो. मी डिचोली तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी केली. आमच्या शाळेत एक मुलगा होता, नववीत असूनही सातवीतला वाटावा असा. भात कापून झाल्यावर शेतात जे सामने रंगतात त्यांत तो मोठ्या मुलांबरोबर खेळायचा, कारण तो असला की चेंडू संघाकडे राहतो हे त्यांना समजले होते. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तो दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेई, आणि एका स्पर्शात वळून मोकळ्या गड्याला देई. एका नामवंत क्लबच्या निवड चाचणीला मी त्याला घेऊन गेलो. एकमेकांची नावे माहीत नसलेल्या मुलांचे दोन संघ पाडले आणि प्रत्येक गटाला पंधरा मिनिटे दिली. जो तो आपल्याला पाहावे म्हणून गोलच्या दिशेने एकटाच पळत होता. पास देणे म्हणजे आपली संधी दुसऱ्याला देणे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या मुलाने सगळे चेंडू दुसऱ्यांना दिले आणि ते त्याच्याकडे परत आले नाहीत. यादीत त्याचे नाव नव्हते. कारण विचारले तेव्हा, अंग कमी पडते, असे उत्तर मिळाले. त्या क्लबच्या लोकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पंधरा मिनिटांत त्यांना दुसरे काही दिसणेच शक्य नव्हते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे असले तरी मधल्या फळीच्या खेळाडूची होत नाही, कारण त्याचा गुण इतर दहा जणांच्या खेळात उतरलेला असतो.

वयाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाची सीमारेषा डिसेंबरअखेर असल्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा असतो, आणि स्काऊट टिपणे लिहिताना हे ध्यानात घेतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये जन्मलेला मार्कस बोंटेंपेली २०१३ च्या ड्राफ्टमधील सर्वात लहान मुलांपैकी एक होता आणि तरीही चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, कारण निवडणाऱ्यांनी तो आज काय आहे यापेक्षा आणखी चार वर्षांनी काय होईल याचा विचार केला. आपल्याकडे वयाची चर्चा होते ती खोट्या दाखल्यांपुरती. हाडांच्या चाचणीने वय तपासण्याची पद्धत आली हे चांगलेच झाले. पण दाखला खरा असला तरी चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक केवढा असतो, हे कोणत्याही शाळेच्या वर्गात उभे राहिले तरी दिसते. ज्याचे अंग उशिरा भरते अशा मुलाला आपण चौदाव्या वर्षीच घरी पाठवतो. मग तो फुटबॉल सोडतो, आणि अठराव्या वर्षी त्याची उंची वाढलेली असते तेव्हा त्याला विचारायला कोणी जात नाही.

अंतराचेही तसेच. हार्ली रीड हा २०२३ चा पहिला निवडलेला खेळाडू उत्तर व्हिक्टोरियातील टोंगाला या छोट्या गावचा. स्काऊट त्याला पाहायला तिकडे गेले. सत्तरी, पेडणे किंवा धारबांदोड्याच्या मुलाने मात्र पहाटेची बस पकडून सासष्टीत किंवा तिसवाडीत पोहोचायचे, उपाशीपोटी धावायचे आणि सांजवेळी परत फिरायचे, ही आपली पद्धत. पूर्वी क्लबांची जाणती माणसे गावागावांतील आंतरग्राम स्पर्धांना हजेरी लावत आणि अमुक वाड्यावरचा मुलगा बरा आहे असे एकमेकांना सांगत. क्लायमॅक्स लॉरेन्स, लेनी रॉड्रिग्ज, ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारखे मधल्या फळीचे खेळाडू गोव्याने भारताला दिले आहेत. त्या गुणाची या मातीत वाण नाही. वाण आहे ती शांतपणे बसून पाहणाऱ्यांची.

शिफारशीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण गोव्यात निवडीचा विषय निघाला की कोणाचा कोण हा प्रश्न पाठोपाठ येतो. ऑस्ट्रेलियात वडील ज्या क्लबसाठी किमान १०० सामने खेळले असतील त्या क्लबला मुलावर पहिला हक्क मिळतो. कॉलिंगवूडचे पीटर डायकोस २५० सामने खेळले आणि त्यांचा मुलगा निक याच नियमाने २०२१ मध्ये त्याच क्लबमध्ये आला. पण हा हक्क फुकट नसतो. दुसऱ्या क्लबने त्या मुलासाठी बोली लावली, तर तेवढ्या किमतीच्या आपल्या पुढच्या निवडी वडिलांच्या क्लबला सोडाव्या लागतात. नियम छापलेला आहे, किंमत छापलेली आहे आणि ती चारचौघांत मोजली जाते. आपल्याकडची पसंती कुठेच लिहिलेली नसते, म्हणून खरोखर गुणी असलेल्या माजी खेळाडूच्या मुलाकडेही लोक संशयाने पाहतात. हा त्या मुलावरही अन्याय आहे.

तेथील सगळेच आपण उचलावे असे माझे म्हणणे नाही. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा क्लब निवडता येत नाही आणि पर्थच्या मुलाला ब्रिस्बेनला जावे लागते. २०२१ चा पहिला खेळाडू जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका मोसमानंतर मेलबर्न सोडून ॲडलेडला, आपल्या घराकडे परतला. ड्राफ्टच्या कित्येक महिने आधीपासून वर्तमानपत्रे अंदाजी क्रमवारी छापतात आणि सतरा वर्षांच्या पोरांना तो भार वाहावा लागतो. ड्राफ्ट आपल्याला नकोच आहे. आपल्याला हवी आहे ती त्यामागची पाहण्याची शिस्त. तिचे मोल २०२० मध्ये त्यांना फार कळले. महासाथीमुळे व्हिक्टोरियातील अठरा वर्षांखालील लीग त्या वर्षी झालीच नाही, आणि तेथील मुलांची पारख करताना क्लबांना आधीच्या मोसमातील चित्रफिती आणि जुनी टिपणे काढून बसावे लागले. जुनी टिपणे होती म्हणून बसता तरी आले. गोव्यात तशी वेळ आली तर कोणत्या कपाटातून काय काढणार, हा प्रश्न मी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आदराने विचारतो.

म्हणून गोवा फुटबॉल संघटना, गोवा फुटबॉल विकास मंडळ आणि क्लब यांना माझी विनंती आहे, की पुढील वयोगट स्पर्धांचे वेळापत्रक ठरवतानाच प्रत्येक तालुक्यासाठी दोन मानधनी निरीक्षक नेमावेत. माजी खेळाडू आणि निवृत्त क्रीडाशिक्षक या कामाला आनंदाने येतील. त्यांनी मधल्या फळीचा प्रत्येक आश्वासक मुलगा किमान दोन मोसम, जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या अशा दोन्ही संघांतून, एकमेकांना न विचारता पाहावा आणि लिहून ठेवावा. टिपणावर जन्माचा महिना असावा. निवड चाचणी घ्यायचीच असेल तर ती या टिपणांनंतर घ्यावी, आणि तीत मुलांना अनोळखी गटांत न टाकता किमान एक पूर्ण सामना आपल्या नेहमीच्या सोबत्यांबरोबर खेळू द्यावे. न निवडलेल्या मुलाला कारण लेखी कळवावे, आणि सोळाव्या व अठराव्या वर्षी त्याला पुन्हा पाहिले जाईल अशी तरतूद नियमातच असावी. यासाठी नवे स्टेडियम लागत नाही. निरीक्षकांचे मानधन आणि प्रवासखर्च हा एखाद्या बक्षीस समारंभाच्या मांडवाहून फार मोठा खर्च होईल असे मला वाटत नाही, आणि तो कोणी उचलायचा हे संघटना आणि क्रीडा खाते यांनी एकत्र बसून हंगामापूर्वी ठरवावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
डिचोली, गोवा